तिसरं रीळ

विल्यांडीच्या डेअरीत, बॉयलरमागच्या खोलीत
लोण्याच्या रिकाम्या डब्यांखाली सापडली पाच रिळं.
दोन काकवीसारखी पाघळून पत्र्याला चिकटलेली,
एकाचा भुगा, तपकिरीएवढा बारीक.
उरली दोन. त्यांना ओल्या मोज्यांचा वास.
तार्तूला आणली मी ती फेब्रुवारीत,
गाडीतला हीटर बंद ठेवून, बोटं बधिर करत,
कारण ही फिल्म एकदा पेटली
की पाण्याखालीसुद्धा जळत राहते.

शूटिंग सत्तावीस सालचं. गोष्ट चौदाव्या शतकातल्या बंडाची:
शेतकरी, जर्मन सरदार, पेटलेले किल्ले.
साखळीची चिलखतं सुतळीनं विणलेली, वर चंदेरी रंग.
चौकट थांबवली की गाठी दिसतात.
आणि दूर टेकडीवर, कुणाच्याही ध्यानात न आलेला
टेलिफोनचा खांब.

पाट्या तेवढ्या नाहीत.
कोण कुणाला काय म्हणालं ते लिहिलेली प्रत्येक पाटी
कुणीतरी कात्रीनं कापून नेलेली.

म्हणून मेएता टाम्बेर्गला बोलावलं.
वय एकाहत्तर. चौथ्या वर्षी गोवरात कान गेले,
पुढं बहिऱ्यांच्या शाळेत जन्मभर शिवण शिकवलं.
जग तिनं ओठांवरूनच वाचलेलं,
आणि ओठांत एक, पोटात एक असेल
तर तेही, म्हणते, जबड्यावरून कळतं.

स्वेटरच्या बाह्या सारून ती पडद्यापुढं बसली.
"मूकपट म्हणता याला?
आठवड्याचा बाजार भरलाय नुसता."

सेनापती घोड्यावर. तलवार उपसलेली. मागं दोनशे माणसं.
मी वही उघडून तयार: माती, स्वातंत्र्य, पूर्वज.
मेएता म्हणाली, "म्हणतोय, हे जनावर चावतं,
याचं तोंड धरा कुणीतरी.
आणि माझे तीनशे मार्क कधी देताय?"
बुरुजावरून सरदाराची बायको, हात छातीशी:
"कालचं हेरिंग बाधलं गं."
पाद्री आकाशाकडे बघून शाप देतो,
म्हणजे एक ते वीस मोजतो, मग पुन्हा एकपासून.
आम्ही इतक्या हसलो की चहा वहीवर सांडला.
तो डाग अजून आहे.

मग तिसरं रीळ. लढाई संपलेली, गवतात प्रेतं.
ही माणसं खऱ्या लढाईतून परतलेली,
एकोणीसच्या हिवाळ्यातल्या,
आता दिवसाच्या मजुरीवर आणि वाटीभर सूपवर
मरायला आलेली.
पुढच्या कोपऱ्यात एक जण. गालावर रंगवलेली जखम,
तिच्याखाली दुसरी, न रंगवलेली.
मेलेल्यानं हलायचं नसतं. तो हलत नाही.
नाकावर माशी बसली तरी नाही.
फक्त ओठ.

मेएतानं हात वर केला.
"मागं घे."
घेतलं.
"अजून मागं. सावकाश."
मी हातानं एकेक चौकट सरकवू लागले.

"नावं घेतोय," ती म्हणाली.
"विलेम. योसेप. धाकटा क्रीस्यान.
मग मार्त, किंवा पार्त.
म आणि प ओठांवर सारखेच गं, दोन्ही लिही.
काअरेल.
आणि पुलाजवळचा तो,
ज्याचं नाव विचारायचं राहिलं."

मग दिग्दर्शक बहुतेक ओरडला असावा,
कारण सगळी प्रेतं उठली,
गवत झटकत, एकमेकांना काड्या देत.
तो राहिला पडून अजून अकरा चौकटी.
मी मोजल्या. एक सेकंदसुद्धा होत नाही.
मग उठला, आणि टोपी शोधू लागला
जी त्याच्या पाठीखालीच होती.

समितीनं कळवलं आहे:
हरवलेल्या पाट्या कथेला शोभतील अशा नव्यानं लिहाव्यात.
सेनापतीचं भाषण मी लिहून दिलं. बरं जमलंय.
तिसऱ्या रिळासाठी एकच पाटी केली,
काळ्यावर पांढरी, सहा ओळींची.
चौथ्या ओळीपाशी अडले आहे.
मेएताला पत्र टाकलं: नक्की कोण?
तिचं कार्ड आलं काल, शिवणासारख्या बारीक अक्षरात.
"तो एकाला हाक मारतोय.
दोघं आले तर येऊ दे."